फणसाखालची पांढरी गाडी : डागांच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आज रामनवमी. देवळात जायच्या आधी, ऊन चढायच्या आत, गाडी फणसाखालून बाहेर काढली. बॅटरी केव्हाच उतरली होती, म्हणून काका आणि मी ढकलत अंगणात आणली. पप्पांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, ती तिथेच उभी होती. पांढरी मारुती ८००, २००६ची. २०२१मध्ये पाच वर्षांचे पासिंग वाढवून घेतले, ते पुढच्या वर्षी संपेल. इंजिनाला काही झालेले नाही. बहिणीला वाळपईला नोकरी लागली आहे, जूनपासून तिला रोज गोव्यातल्या आमच्या डिचोलीहून जायला-यायला हीच गाडी लागणार.

पप्पांचे म्हणणे, सगळी रंगवून घेऊ. पेंटर मेस्ताने ३५ हजार सांगितलेत. मला ते पटत नाही, आणि ते केवळ पैशांमुळे नव्हे. कारखान्यात उघडा सांगाडा रंगवून १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. पुढे गॅरेजात मारलेला रंग तेवढा तापवता येत नाही, कारण तोवर गाडीत काचा, रबर, वायरी, सीट सगळे बसलेले असते. त्यामुळे मूळ रंग पत्र्याला धरून आहे तोवर तो वाचवायचा, असे मी ठरवले आहे. पाऊस लागेपर्यंतची मुदत मागितली. पप्पा सोप्यावरून ‘बघ’ एवढेच म्हणाले.

आज फक्त धुणे. आधी नुसत्या पाण्याची धार, मग दोन बादल्या: एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. आमच्या अंगणातली माती जांभ्याची, त्यातला खर फडक्यात अडकला तर तोच रंगावर ओरखडे काढतो. वरून खाली धुतले आणि चाकांकडचे फडके वेगळे ठेवले. वाळल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारी जागा पिशवीतून खरखरीत लागते. उजवी बाजू तर पॉलिश पेपरसारखी लागली.

मग आलेखाच्या कागदावर गाडीचा नकाशा काढून डाग मांडले. छतावर पानांच्या आकाराचे काळपट छाप. बॉनेटवर शिटांची करडी कडी आणि चिकाचे घट्ट तपकिरी थेंब. उजव्या बाजूला नारिंगी ठिपके, शेकड्यांनी. चारही दारांच्या तळाला डांबर. खिडक्यांच्या रबराला शेवाळ. नकाशा बघून काका म्हणाले, एवढे लिहीत बसण्यापेक्षा घासायला घे. पण आधीच्या वेळी आम्ही तेच केले होते. डिकीवर भांड्याच्या घासणीचे गोल गोल ओरखडे आहेत, ते त्या दिवसाचे.

१२ एप्रिल, शनिवार

शेवाळ सोपे. मऊ टूथब्रश आणि शॅम्पूचे पाणी, अर्ध्या तासात काम संपले.

डांबरासाठी हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन मागितले तर काउंटरवरच्या मुलाने थिनरची बाटली पुढे केली. दोन्ही एकच, म्हणाला. एकच नाहीत. ऑइलपेंट पातळ करायचे टर्पेंटाइन सौम्य असते. लॅकरचे थिनर मात्र गॅरेजात मारलेला रंग मऊ करून फडक्यावर उतरवू शकते, आणि या गाडीचा कुठला भाग नंतर रंगवलेला आहे हे मला अजून माहीत नाही. थिनर परत केले.

टर्पेंटाइन आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून पाच मिनिटे पाहिले. रंगाला काही झाले नाही. मग भिजवलेले सुती फडके डांबरावर दोन-तीन मिनिटे नुसते दाबून धरले. डांबर पाघळले की एकदा पुसायचे आणि फडक्याची घडी बदलायची. त्याच घडीने पुन्हा पुसले तर डांबर आणि त्यात रुतलेली खडी रंगभर फिरते. चारही दारे झाल्यावर शॅम्पूने धुतली, कारण टर्पेंटाइनचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि त्याला धूळ चिकटते.

१३ एप्रिल, रविवार

चीक. याचा विचार गेला आठवडाभर चालला होता.

फणस कापताना आई आदोळीच्या (विळीच्या) पात्याला आणि हातांना खोबरेल लावते, म्हणजे चीक चिकटत नाही. चिकटलाच तर वरून पुन्हा खोबरेलच चोळते, साबण नाही. फणसाच्या चिकात रबर असते, ते पाण्याला दाद देत नाही आणि तेलात सैल होते. मग गाडीवर तेच का नको? कापसाचे बोळे खोबरेलात भिजवून थेंबाथेंबावर ठेवले, वर प्लास्टिकचा तुकडा, आणि गाडी सावलीत. अर्ध्या तासाने यंदाच्या हंगामातले थेंब बोटाने लोटले तसे सुटले, अखंड, शिजलेल्या साबुदाण्यासारखे.

जुने थेंब हटले नाहीत. दोन उन्हाळे खाऊन ते काळे आणि ठिसूळ झाले आहेत. त्यांच्यावर पुन्हा तेल, मग गरम पाण्यात पिळलेले फडके, मग टर्पेंटाइन, असे तीन हात दिले. नखाने किंवा ब्लेडने खरवडायचा मोह होतो. एकदा नख लावलेही, आणि तिथे चंद्रकोरीएवढी रेघ उठली. त्यानंतर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड वापरली, तीही तेल लावून. चौदा जुन्या थेंबांपैकी अकरा गेले. तिघांचे पिवळे छाप उरलेत, ते नकाशावर लाल शाईने दाखवले आहेत.

२० एप्रिल, रविवार

नारिंगी ठिपक्यांचे औषध आले. लोखंडी कण काढायचे द्रव, ज्यात थायोग्लायकोलेट असते. लोखंडाशी त्याची गाठ पडली की ते जांभळे होते आणि लोखंड पाण्यात उतरवते. वास अगदी केस काढायच्या क्रीमसारखा, कारण त्या क्रीममध्येही याच कुळातले रसायन असते. हातमोजे घातले आणि गाडी विहिरीपासून लांब, पोफळींच्या पलीकडे नेली. हे पाणी विहिरीत झिरपायला नको.

फवारल्यावर मिनिटभरात प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटला. उजवे दार रक्ताळल्यासारखे दिसू लागले. आई बाहेर येऊन ‘अरे, हे काय केलेस’ म्हणाली. चार मिनिटांनी धुतले. निम्मे ठिपके गेले.

पप्पांना त्यात नवल वाटले नाही. ‘खाणीची माती ती,’ ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा टिपर होता. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तोवर ते खाणीवरून बार्ज भरायच्या धक्क्यापर्यंत फेऱ्या मारत. त्या काळात आमच्या घराची कौले, तुळस, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर तांबडा थर असे. गाडीचे ठिपके त्याच मातीचे, असे मीही आजवर धरून चाललो होतो.

एक गडबड झाली. बॉनेटवर फवारले तेव्हा सावली होती. दार धुईपर्यंत ऊन सरकले आणि बॉनेटवरच्या एका पट्ट्यावर द्रव वाळले. ढगाळ डाग पडला. त्याच द्रवाने तो पट्टा पुन्हा ओला करून लगेच धुतला, तेव्हा बराचसा गेला. यापुढे एका वेळी एकच भाग.

२७ एप्रिल, रविवार

आठवडाभर नकाशा डोक्यातून जात नव्हता. खनिजाची धूळ वरून बसते, मग ती छतावर आणि बॉनेटवर जास्त दिसायला हवी. हे ठिपके उजव्या बाजूलाच, मागच्या चाकापाशी दाट आणि पुढे विरळ, पंखा उघडावा तसे. डावी बाजू जवळजवळ कोरी. शिवाय खनिज म्हणजे मुळातच लोखंडाचे ऑक्साइड, गंजून झालेले. ते रंगात रुतून पुन्हा गंजाचा ठिपका कशाला उठवेल? हे कण आले तेव्हा शुद्ध लोखंड असणार आणि मागाहून गंजले असणार.

जेवताना विचारले, गाडीजवळ कधी वेल्डिंग-बिल्डिंग झाले होते का? आईला लगेच आठवले. खिडक्यांना ग्रिल बसवले तेव्हा कामगाराने सळ्या अंगणातच कापल्या होत्या, ग्राइंडर लावून, दोन दिवस. गाडी बाजूलाच होती, तोंड रस्त्याकडे, उजवी बाजू कामाकडे. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे पेटते कण. ते रंगावर पडतात तेव्हा गरम असल्याने आत बुडतात, मग आपल्याकडच्या दमट हवेत गंजतात, आणि गंज फुगून ठिपका होतो.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आणि इतकी वर्षे मी खाणीला बोल लावला.’

कारण कळल्याचा उपयोग झाला. कण आत रुतलेले आहेत हे ठाऊक असल्यामुळे चोळून काढायचा नाद सोडला. संध्याकाळी दुसरा हात, नंतर तासाने तिसरा. तिसऱ्याला जांभळे पाणी फिकट आले. मोजके वीस-पंचवीस ठिपके राहिलेत.

१ मे, गुरुवार

सुट्टी. आज छत.

पानांचे छाप. फणसाची आणि आंब्याची पाने दोन पावसाळे छतावर कुजली, त्यांचा देठापासून टोकापर्यंतचा आकार उमटला आहे. शॅम्पू, टर्पेंटाइन, लिंबाचे पाणी, कशानेच फार फरक पडला नव्हता. हातात उरलेले लोखंडाचे औषध होते, एका छापावर थोडे लावून पाहिले. कडा जांभळी झाली आणि छाप फिका पडला!

पानात लोखंड कुठून आले? मग काजूचे बोंडू आठवले. लोखंडी सुरीने बोंडू कापला की पाते आणि काप दोन्ही काळे पडतात. बोंडूतले टॅनिन आणि पात्यातले लोखंड मिळून तो काळा रंग होतो, जुन्या काळची शाईही अशीच करत. पानांत टॅनिन भरपूर. छतावर तांबडी धूळ होतीच, खाणीची म्हणा, जांभ्याची म्हणा, तीत लोखंड. वर पावसाचे पाणी. दोन वर्षे छतावर शाई मुरत होती.

पप्पांना हे सांगितले तेव्हा ते काठी टेकत अंगणात आले आणि छताला हात लावून उभे राहिले. ‘म्हणजे माती होतीच की,’ म्हणाले. होतीच. त्यांनी सांगितलेल्या जागी नव्हती, एवढेच.

तीन हातांत छाप इतके फिके झाले की आता ठराविक कोनातूनच दिसतात.

४ मे, रविवार

क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण काढायची मऊ, मळता येणारी वडी. शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसरा हिस्सा घेऊन चपटा केला, पत्रा शॅम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवला आणि क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवला, गोल नाही. रुतलेले कण तो ओढून घेतो. आधी खरखर ऐकू येते, मग आवाज बंद होतो, तेव्हा ती जागा झाली. दर दोन हातांनी क्ले मुडपून नवी बाजू काढायची.

एक तुकडा हातातून अंगणात पडला. लगेच टाकून दिला. त्यात जांभ्याचा एक खडा शिरला असता तर दारभर रेघा पडल्या असत्या. तुकडा तोडून का घ्यायचा, ते यासाठीच.

संध्याकाळी पिशवी घालून पुन्हा बोटे फिरवली. उजवी बाजू काचेसारखी लागली. पप्पांच्या हातात पिशवी घातली आणि त्यांनाही फिरवायला लावली.

११ मे, रविवार

शिटा. बॉनेटवर दोन प्रकारचे डाग होते. वटवाघळांचे तपकिरी-जांभळे, फळांच्या गराचे, ते बहुतेक पहिल्या धुण्यातच गेले. कावळ्यांचे राहिले. पक्ष्यांच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, ते पाण्यात फारसे विरघळत नाही. उन्हाने रंग तापून थोडा मऊ होतो, वरची शीट वाळून आक्रसते, आणि रात्री रंग निवला की तिच्याखालची जागा तशीच वाकडी घट्ट होते. म्हणून शीट निघाली तरी कडे उरते. तो डाग नसून खड्डा असतो, धुऊन जायचा प्रश्नच नाही. पांढरा रंग काळ्याइतका तापत नाही, म्हणून आमचे त्यातल्या त्यात थोडक्यात निभावले.

खड्डा पॉलिशने सपाट करायचा म्हणजे भोवतालचा रंग त्याच्या पातळीला आणायचा. रंग किती आहे ते आधी मोजायला हवे. पेंटर मेस्ताकडे जाडी मोजायचे यंत्र आहे, ते घेऊन तो स्वतःच आला. गाडी न रंगवल्याने त्याचेच काम जाणार होते, तरी आला, याचे मला फार वाटले. छत ९५ ते १०५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॉनेट ९० ते १००, दारे साधारण तेवढीच. डावे मडगार्ड २४०. ‘हें भायल्यान मारलां,’ म्हणजे हे बाहेर मारलेले, मेस्त म्हणाला. पप्पांनी मग सांगितले, साखळी गावच्या बाजारात बस घासली होती, आईला कळू न देता रंगवून घेतले. आई आतून म्हणाली, मला तेव्हाच कळले होते. थिनर परत केले ते बरेच झाले.

मग बारीक पॉलिश, फोमच्या गादीवर, हाताने, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. पहिल्याच हाताला गादी पांढरी झाली. पप्पांनी ‘थांब, रंग निघतोय’ म्हणून हाक मारली, आणि खरेच रंगच निघत होता. नव्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, पॉलिश त्या थरावर चालते. या गाडीवर तो नाही, जो पांढरा दिसतो तोच शेवटचा थर. वरचा उन्हाने खडूसारखा झालेला भाग निघतो तो गादीवर दिसणारच. घाबरायचे नाही, पण हातही सैल सोडायचा नाही. बॉनेटच्या कडांवर आणि दारांच्या उभारांवर रंग पातळ असतो, तिथे कागदी टेप लावून ठेवली.

दोन हातांनंतर नऊपैकी सहा कडी गेली. यंत्रावर फरक दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे मापाच्या चुकीएवढाच. उरलेली तीन नखाला लागतात. मेस्ताने बोट फिरवले आणि मान हलवली, ‘हें वचचें ना,’ म्हणजे हे जाणार नाही. मलाही तेच वाटले. ती तीन तशीच राहतील.

१८ मे, रविवार

आभाळ भरून येते आहे, म्हणून आज पूर्ण दिवस दिला. काका डाव्या बाजूला, मी उजव्या. डिकीवरचे घासणीचे ओरखडे सर्वांत जास्त वेळ खाऊन गेले, चार हात, तरी पूर्ण नाही गेले. दोन वर्षे झाडाखाली राहून झालेले डाग तासाभरात निघाले आणि आम्ही एका दुपारी घासून केलेले राहिले, हे मला लागले.

शेवटी मेण. कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. अगदी पातळ हात, धूसर झाले की कोरड्या फडक्याने उतरवायचे. उतरवता उतरवता पहिले थेंब आले.

२५ मे, रविवार

चार-पाच दिवस कोसळतो आहे. केरळात काल मान्सून पोचला, इतक्या लवकर २००९नंतर पहिल्यांदाच, असे पेपरात आहे. म्हणजे आणखी आठवडा लागला असता तर मुदत हुकली असती.

बॉनेटवर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात आणि गाडी हलली की घरंगळतात. छतावर तसे नाही, तिथे पाणी पसरते, मेणाचा आणखी एक हात लागेल. उघडीप मिळाली की.

एक गोष्ट सुटली होती. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीखाली तपकिरी डाग होता, तो मी नकाशावर ‘डांबर?’ म्हणून लिहिला होता. तो ना टर्पेंटाइनने गेला ना लोखंडाच्या औषधाने. आज बोटाने दाबले तर रंग पापडासारखा मोडला आणि आतून ओला गंज आला. हा डाग बाहेरून आलेलाच नाही. काचेखालच्या जाळीत हात घातला तर ओंजळभर कुजलेली पाने निघाली. दारांच्या तळाची पाणी जायची भोके तारेने टोचली, तर डावीकडच्या मागच्या भोकातून वाटीभर गढूळ पाणी पडले. दोन वर्षे पाणी आत साचत होते आणि मी बाहेरून पुसत होतो.

सैल गंज ब्रशने काढला, गंज थोपवणारा रस्ट कन्व्हर्टर लावला, काळा पडला की वर ग्रीस. कन्व्हर्टरमध्येही टॅनिनच आहे, पानांनी छतावर केले तेच काम इथे उपयोगाचे. पत्रा कापून नवा तुकडा जोडायचे काम मेस्त पाऊस संपल्यावर करील. फक्त कमान रंगवायची, बाकी गाडीला हात लावायचा नाही, हे पप्पांनीच त्याला फोनवर सांगितले.

गाडी आता फणसाखाली नाही, घराच्या पुढच्या बाजूला आहे. काकांनी शेडसाठी मापे घेतली, १४ फूट बाय ८ फूट. पत्रे आणि पाइप दिवाळीनंतर आणू. पाइप कापायच्या दिवशी गाडी देवळाकडे नेऊन ठेवायची, असे पप्पांनी माझ्या या वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.